नवऱ्याचं वायरिंग

अबुधाबीच्या डॉक्टरांनी नवऱ्याचा एमआरआय पाहून सांगितलं, "व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूतलं वायरिंग. त्यात बारीक पांढरे डाग दिसतायत. या वयात असतात. बीपी सांभाळा, खलास."

नवऱ्याने फक्त 'डाग' ऐकलं. तेव्हापासून दूध आणायचं राहिलं की वायरिंग, आईला फोन करायचा राहिला की वायरिंग. खलिफा सिटीत कुणाकडे जेवायला गेलो की हा मोबाइलवर मेंदूचा फोटो फिरवायचा, नव्या जावयाचा दाखवावा तशा कौतुकाने. "डॅड, इट्स जस्ट एज," लेक वैतागून म्हणायची. क्रिकेटचे स्कोअर मात्र त्याला तोंडपाठ. ती वायर बहुतेक वेगळी टाकलेली असावी.

मग माझं डोकं दुखायला लागलं आणि माझाही एमआरआय झाला. माझ्या मेंदूत त्याच्यापेक्षा जास्त डाग निघाले. त्याही सकाळी त्याची बीपीची गोळी मीच त्याच्या हातावर ठेवली होती.

रिपोर्ट वाचून त्याचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द मायेचे बोलेल.

"अगं," तो म्हणाला, "मग आता माझं सगळं लक्षात कोण ठेवणार?"