दगडी बाईच्या पाठीतला कोनाडा

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट अजून मिटक्या मारत सांगितली जाते. जर्मनीतल्या सुनेने म्हणे सासू गेल्याचं पोरीपासून लपवलं आणि सासूची राख दागिने म्हणून खपवली. मुंजीच्या पंगतीत, बारशाला, कुठेही हे चालतं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. सांगणाऱ्यांचा राग येतो, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. ही गोष्ट त्यांना मीच पुरवली, आणि ती खोटी आहे.

मुलगा तेव्हा जर्मनीत ब्योब्लिंगेनला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. मी आणि बायको उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. एका सकाळी नात शाळेत गेली आणि बायकोच्या छातीत दुखू लागलं. अँब्युलन्स आली. दुपारपर्यंत सगळं संपलं. नात पहिलीत होती. घरात शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "आजी कुठे आहे?" मी म्हणालो, "पुण्याला गेली. घाईत जावं लागलं."

स्वयंपाकघरात सून माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "बाबा, तिला खरं सांगूया. तिला कळतं."

"माझी बायको गेलीये," मी ओरडलो. "कुणाला काय सांगायचं ते मी ठरवीन."

मुलगा सिंकपाशी एकच कप धूत राहिला. माझ्या पोटच्या पोराची तोंड उघडायची हिंमत झाली नाही. आज मला त्याचाही राग येतो. पण मला पोरीच्या मनाची काळजी होती असं म्हणणार नाही. मला तिच्या प्रश्नांची भीती वाटत होती, एवढंच.

दहन तिथेच झालं. अस्थी पुण्याला न्यायच्या म्हणून कलश आमच्या हाती मिळाला, पण मुलाची रजा मंजूर व्हायला वेळ होता. अस्थी घरात आणायच्या नसतात आणि जमिनीला टेकवायच्या नसतात. पुण्यात झाडाला टांगल्या असत्या. तिथे कुठलं झाड? मी कलश लाल कापडी पिशवीत घातला आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या हुकाला टांगला. नात काचेला नाक लावून बघायची.

"आजोबा, त्या पिशवीत काय आहे?"

"आजीचे दागिने. हात लावायचा नाही."

"मग आजी न घेता कशी गेली?"

"सांगितलं ना, घाईत गेली."

त्याच आठवड्यात तिच्या शाळेतून बोलावणं आलं. मी पुण्यात जन्मभर चित्रकला शिकवली होती, हे नातीने वर्गाच्या बाईंना सांगितलं होतं. बाई सुट्टीत स्पेनला जाऊन आल्या होत्या आणि येताना एका जुन्या दगडी मूर्तीची प्लास्टरची प्रतिकृती घेऊन आल्या होत्या. मुलं ती मातीत करणार होती. आजोबांनी थोडं सांगावं, अशी त्यांची इच्छा. मी मराठीत बोलायचं आणि सुनेने जर्मनमध्ये सांगायचं, असं ठरलं.

मूर्ती मी टेबलावर ठेवली. पोरं खाली बसली होती. ही एल्चे गावची बाई, मी म्हणालो, शेतात काम करणाऱ्यांना जमिनीत सापडली. तुमच्या आजीच्या आजीच्या आजीहूनही कितीतरी म्हातारी आहे, पण चेहऱ्यावर सुरकुती नाही. कानांवर ही दोन मोठी चाकं बघा.

"हेडफोन!" एक पोरगा ओरडला आणि सगळा वर्ग हसला.

"हेडफोनच," मी म्हणालो, "म्हणून तर ती कुणाचं ऐकत नाही." सुनेने ते सांगितलं आणि हशा दुप्पट झाला. मला चेव आला. तिचे ओठ पूर्वी लाल होते, रंगाचा अंश अजून सापडतो. गळ्यात माळांवर माळा आहेत. ती राणी होती की देवी की पुजारीण, हे कुणालाच ठाऊक नाही. मग मी मूर्ती फिरवली. पाठीत एक खोल कोनाडा होता. एका मुलीने त्यात बोट घातलं. "इथे काय ठेवायचे?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "दागिने."

बाई हसून पुढे आल्या. "आल्झो," म्हणजे "तर," असं म्हणत त्यांनी बरंच काही सावकाश सांगितलं. मला कळलं नाही. मी सुनेकडे वळलो.

"काय म्हणाल्या?"

"त्या म्हणतात, दागिने नसावेत. मेलेल्या माणसाची राख ठेवत असावेत."

नात उठून उभी राहिली. शाळेत ती आईशीही जर्मनमध्येच बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली. "आजोबा, आजीचे दागिने पण राख आहेत का?"

वर्गाला काही कळलं नाही. तिला सगळं कळलं होतं. आणि मी, साठी उलटलेला मास्तर, काय बोललो? "तुझ्या आईनेच तसं सांगायला सांगितलं होतं."

सुनेने पोरीला उचललं आणि बाहेर नेलं. त्यानंतर कितीतरी दिवस पोरगी आईच्या हातचं जेवली नाही. मी भरवलं की जेवायची. मी भरवत होतो! पुढे पुण्यात आल्यावर बहिणीने विचारलं, तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. तिथून गोष्टीला पाय फुटले.

मुलगा-सून केव्हाच पुण्याला परतलेत; गेल्या महिन्यात नात म्युनिकहून आली. आता नोकरी करते. जेवताना आईने तिला विचारलं, खरंच सुट्टी घेतलीस की पळून आलीस? ती म्हणाली, "खरंखोटं तू विचारतेस? राखेचे दागिने करणारी तू!" सगळे हसले. सून ताटं उचलायला लागली. इतकी वर्षं ती अशीच ताटं उचलत आलीये.

"ते मी केलं होतं," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं.

नात आईकडे वळली. "तू का नाही बोललीस?"

"तेव्हा तू आजोबांचा हात सोडत नव्हतीस. यांच्याजवळ दुसरं होतं काय? नंतर मलाच बोलायचा कंटाळा आला."

मी सुनेची माफी मागायला तोंड उघडलं. तिने हातातली ताटं दाणकन खाली ठेवली.

"मला नको, बाबा. मला काय झालं ते माहीत आहे. ज्यांना सांगत फिरलात ना, त्यांना सांगा."

म्हणून लिहिलं. पोरीला खरं सांगा म्हणणारी घरात एकच बाई होती, आणि तिचं तोंड मी बंद केलं. नातेवाइकांनो, पुढच्या पंगतीत आता हे वाढा. माझं नाव घेऊन वाढा.