अण्णांनी चालावं म्हणून

डॉक्टरांनी अण्णांच्या तळव्याला सुई टोचली आणि विचारलं, "कळलं का?"

"आधी टोचा तर!" अण्णा हसून म्हणाले. माझे वडील असे मिश्कील. पण तळव्यावर रक्ताचा थेंब आलेला मला दिसत होता.

रक्तातल्या साखरेनं पाय बधिर होत चालले होते. डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला. ऑफिसला पायी जा. पाय शाबूत ठेवायचे असतील तर जीप सोडा."

ऑफिस म्हणजे तरी काय, उमरग्याचा बाजार ओलांडला की आलंच. पण दुष्काळात खडी फोडलेले अण्णा पुढं सहकारी संस्थेत कारकून झाले, मग मॅनेजर, आणि दाराशी जीप लागायला लागली. त्यांना चाला म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी भांडले, रडले, जेवण सोडलं. शेवटी एका सकाळी बापलेक पायी निघालो.

बाजारात शिरतोय तोच कापडदुकानाचे चाचा धावत आले. "साब, पैदल कायकू? खुर्सी लाव रे!" पुढं एकानं मोटारसायकल थांबवली. "बसा मागं."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," मी म्हटलं.

"व्हय, पर ऊन लई हाय की."

आमच्याकडं पायी जाणारा माणूस म्हणजे गरीब, नाहीतर अडचणीतला. साहेबांना चालताना बघून लोकांचाच जीव कासावीस. तेवढ्यात मागून संस्थेची जीप आली आणि अण्णा मुकाट्यानं चढून बसले. माझा तोल गेला. भर बाजारात ओरडले, "उतरा अण्णा! पाय कापल्यावर बसा हौसेनं!"

संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "बहात्तरच्या दुष्काळात तुझा धाकटा भाऊ तापानं फणफणला. खडीच्या कामावरनंच त्याला खांद्यावर घेतलं न् ह्याच सडकंनं दवाखान्याकडं निघालो. ट्रक गेले, जीपा गेल्या. हात करून करून दमलो. कुणी थांबलं न्हाय. खांद्यावरच गेलं लेकरू." मग म्हणाले, "आता कुणी गाडी थांबवून बसा म्हणलं, तर मला न्हाय म्हणवत न्हाय, बाई."

भाऊ तापानं गेला एवढंच मला माहीत होतं. न थांबलेल्या त्या गाड्यांचा राग येत होता आणि थांबणाऱ्या ह्या भल्या माणसांचाही. मी तशीच बाजारात जाऊन चाचांना हात जोडले, जीपच्या ड्रायव्हरला विनवलं, "त्यांना बसा म्हणू नका हो."

ड्रायव्हर म्हणाला, "सायबास्नी पायी सोडू? माझ्याच्यानं व्हायचं न्हाय, ताई."

दुसऱ्या दिवशी जीप दाराशी आलीच. अण्णा चढले, जीप निघाली, आणि रस्त्यावर त्यांची एक चप्पल पडलेली दिसली. ती उचलून मी हाका मारत मागं धावले. वळणावर जीप थांबली.

"काय गं, काय विसरलं?" अण्णांनी वाकून विचारलं.

मी चप्पल वर धरली. त्यांनी आधी चप्पल पाहिली, मग आपला अनवाणी पाय. अण्णांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.