खिडकीची खोली

माझी वहिनी कपडे शिवते आणि मी तिच्या दुकानात काज-बटणं करते. नणंद-भावजय दिवसभर शेजारी बसतात आणि तरी एकमेकींशी बोलतात, याचं गल्लीला नवल वाटतं. मला नवल वाटायचं ते वहिनीच्या फोनचं.

दुपारी गिऱ्हाईक थांबलं की ती कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायची आणि फोनमध्ये डोकं घालायची. माझा स्वभाव भोचक. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. एक दिवस बटणांचा डबा उचलायच्या निमित्ताने मी मागून डोकावले. फोनमध्ये एक रस्ता होता आणि वहिनी बोटाने ढकलत ढकलत त्यावरून चालली होती.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"ताईकडे. हे बघ, बस इथं सोडते. मग हा चढ. या फाटकाशी कुत्रा दिसतोय, पण फोटो जुना असणार. आता म्हातारा झाला असेल बिचारा."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा वहिनीला तिनेच वाढवलं, शिवणही तिनेच शिकवलं. आता ती डोंगरापलीकडच्या गावी लेकाकडे राहते. तिची नजर चालली होती. औषधाने वेग कमी होईल, पण थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "दिसतंय तोवर एकदा तुला बघू दे गं," असं ताई फोनवर म्हणाली आणि ते वहिनीच्या मनात रुतून बसलं.

मग मीही स्टूल ओढून शेजारी बसू लागले. खोटं कशाला बोलू, मलाही गोडी लागली. कुठली गाडी आत्ता कुठे अडकलीय ते घरबसल्या कळायचं. बसमधल्या सीटांचं चित्र यायचं, त्यात वहिनी सकाळचं ऊन कुठून येईल ते ताडून सावलीची बाजू शोधायची. लेकाचं घर लहान, म्हणून तिला वेगळी खोली हवी होती. ताईच्या गल्लीच्या तोंडाशीच एक बाई आपल्या घरातल्या खोल्या भाड्याने देत होती. लोकांनी तिथलं भरभरून कौतुक लिहिलं होतं, पण वहिनी ते वाचायचीच नाही. थेट तक्रारींवर जायची. एकाने लिहिलं होतं, नळ गळतो, रात्रभर टिपटिप चालते.

"याला झोप लागत नसणार," वहिनी म्हणाली. "पण माणूस खरा वाटतो."

एवढं सगळं झालं की ती वरची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली धरायची. 'मोफत रद्द करता येईल' असं हिरव्या अक्षरांत असलं तरच. आणि जायचे दिवस जवळ आले की रद्द करायची. कधी लग्नाचे कपडे शिवायला यायचे, कधी मशीनचा पट्टा तुटायचा, कधी काहीच कारण नसायचं.

"हा काय पोरखेळ लावलायस?" शेवटी मी वैतागले.

"कच्ची शिलाई आहे ही," ती म्हणाली. "आधी कच्चं घालायचं, अंगावर बघायचं. नीट बसलं नाही तर उसवता येतं. पक्की मारून उसवली की कापडाला भोकं पडतात."

"बहिणीला भेटायला ट्रायल लागते का गं?"

यावर ती मशीन चालवू लागली. उत्तर द्यायचं नसलं की ती मशीन चालवते.

एकदा असाच खोली रद्द करून झाल्यावर फोन वाजला. वहिनीच्या तोंडात टाचण्या आणि हातात बाही, म्हणून मीच स्पीकर लावला. ती खोल्यांची मालकीण होती.

"तुम्ही त्याच ना, खिडकीची खोली घेऊन सोडणाऱ्या? रागाने नाही म्हणत. पण तुमच्या ताईंना आधी कळवत जा. तुमचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलेलं; ते आलं की मीच त्यांना सांगते, राहवत नाही. मग त्या येतात, उशीचा अभ्रा बदलतात, खिडकीशी खुर्ची ओढून रस्त्याकडे बघत बसतात. रद्द झालं म्हटलं की 'तिला कामं असतात' म्हणून घरी जातात. आधी एकट्या यायच्या. या खेपेला सुनेचा हात धरून आल्या."

वहिनीने तोंडातल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या उशीला टोचल्या. मग फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि बाहेर पायरीवर जाऊन बोलत राहिली. मला एक शब्द ऐकू आला नाही, याचा मला मनस्वी राग आला.

आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मी तिथं पोचेन आणि तिला मी दिसणारच नाही, याची भीती वाटायची गं," ती म्हणाली. "इथं बसून निदान असं वाटायचं की दिसतेय."

मग तिने तीच खोली पुन्हा काढली आणि या वेळी खालचा पर्याय निवडला. त्यात लिहिलं होतं, पैसे परत मिळणार नाहीत. मग फोन माझ्यापुढे धरला. "तूच दाब," ती मला म्हणाली.

"बहीण तुझी, तूच दाब," मी म्हटलं. तिने डोळे मिटून दाबलं.

जायच्या आधी तिने स्वतःसाठी एक ड्रेस शिवला. पिवळाधमक. जन्मभर राखाडी आणि तपकिरी घालणारी बाई ही.

"या वयात हे काय भडक?" मी म्हटलं. "लांबून कुणी सिग्नल समजेल."

"समजू दे," ती म्हणाली आणि बटणं लावायला ड्रेस माझ्याकडे टाकला.

ती गेली. दुकानात मी एकटी. तिने धरलेली गाडी कुठे पोचली ते दर थोड्या वेळाने बघत होते आणि काजं वाकडी करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"पोचलीस? दिसलीस का गं तिला?" मला धीर नव्हता.

"चेहरे दिसत नाहीत तिला आता. मालकीणबाईंनी तेव्हा फोनवरच सांगितलं होतं. म्हणाल्या, भडक रंग तेवढे कळतात, पिवळा सगळ्यात चांगला. मी चढावरून वळले तेव्हा ती खिडकीत बसली होती. मी हाक मारायच्या आधी तिने हात वर केला."

मी हातातली सुई टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवली.

"ऐकतेयस ना?" वहिनी म्हणाली. "आणि नळ खरंच गळतो. ताई म्हणते, गळू दे, आज आपण दोघी इथंच झोपू."