डावी चेन

साकोलीवाल्यावर मी जळायचो. इतक्या वर्षांनी ते लपवून काय करायचं? ऐंशीच्या आगेमागे आमच्या आसगावजवळ कालव्याचं खोदकाम चाललं होतं आणि त्यावर दोन डोझर होते. एक मी चालवायचो, दुसरा साकोलीहून आलेला तो. दोन्ही एकाच दिवशी आलेले, एकाच रंगाचे. गाव माझं, पण माझ्याच गावचे लोक शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून त्याची गाडी पाहायचे. माझे बाबाही त्यांच्यातच. एकदा जेवताना म्हणाले, "तो पोट्टा माती लोण्यावानी काढते."

त्यात बातमी आली की नवा डोझर येणार, आणि दोघांपैकी ज्याच्या गाडीच्या चेनी कमी झिजल्या असतील, त्याला तो मिळणार. डोझरला टायर नसतात. लोखंडी कड्यांच्या दोन चेनींवर तो चालतो, आणि ऑपरेटरचा हात कसा आहे ते त्या चेनीच सांगतात. नवी गाडी मला हवीच होती. त्याहून जास्त, ती त्याला मिळायला नको होती.

तो काय काय करतो यावर मी डोळा ठेवला. आमची कन्हार माती काळी आणि चिकट. ओली असली की कड्यांमध्ये गच्च बसते आणि चेन आपोआप ताणली जाते. म्हणून ओल्या दिवसांत तो चेन जरा ढिलीच ठेवायचा. संध्याकाळी सुट्टी झाली की सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन चिखल खरवडायचा, मग चेन फिरवणाऱ्या चक्राच्या दातांवरून बोट फिरवून बघायचा. दात टोकदार व्हायला लागले की समजावं, कड्या लांबल्या. मला हे सगळं येत होतं. पण तो करतो म्हणून मी करेना. 'बघा, म्हैस धुऊन राहिला,' असं म्हणून मी चहाच्या टपरीवर लोकांना हसवायचो.

माझी डावी चेन लोंबायला लागली तेव्हा मी चेन ताणणाऱ्या नळकांड्यात ग्रीस भरून ती ताणून घेतली. दिसायला अगदी नव्यासारखी. ताणलेल्या चेनीत चिखल बसला की ती दुप्पट झिजते, हेही मला ठाऊक होतं. तपासणीपुरती टिकली म्हणजे झालं, असा माझा हिशेब.

तपासायला पवनीहून एक म्हातारा मिस्त्री आला. त्याने सगळ्यात आधी ग्रीस सोडून माझी चेन ढिली केली. मग त्याने दोन्ही बाजूंच्या चार-चार कड्या टेपने मोजल्या. उजवी ठीक होती. डावी चांगलीच लांबली होती आणि तिच्या चक्राचे दात सुईसारखे झाले होते. तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

"काहून बा, गाडी सदा उजवीकडंच वळवत होता का?" त्याने विचारलं. "डाव्या चेनीलेच सारं धावा लागलं. उजवीकडं काय हाय?"

माती तिकडे टाकायची होती, असं मी काहीतरी सांगितलं. साकोलीवाला बाजूलाच उभा होता. त्याच्या मनात काही नव्हतं.

"तिकडं त माही गाडी राहे," तो म्हणाला.

मिस्त्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेप गुंडाळला. माती दोन्हीकडे टाकता येत होती, हे त्यालाही दिसत होतं. पण दर खेपेला मी गाडीचं नाक उजवीकडे घ्यायचो, तो किती पुढे गेला ते बघायचो आणि त्याच वळणाने मागे यायचो. दिवसभर हेच. अशी तीन वर्षं.

नवी गाडी त्याला मिळाली. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. माझा डोझर वर्कशॉपमध्ये गेला आणि त्याचा जुना माझ्याकडे आला. पहिल्याच सकाळी, कोणी यायच्या आत, मी खाली बसून त्याच्या दोन्ही चेनी मोजल्या. सारख्याच झिजल्या होत्या, बोटभरही फरक नव्हता. तीन वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला काम करत होतो, आणि मी किती पुढे गेलो ते बघायला त्याने कधी गाडी वळवलीच नव्हती. नवी गाडी गेली त्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.