नमद्याची तिरकी जोड

कारखान्यातल्या सूचनेच्या पत्रकावर चार प्रश्न असत. दोष काय आहे, उपाय काय, वेळ किती वाचेल, आणि हे तुम्हाला कसं सुचलं. शिगेओ मुराकोशीने पहिल्या तिन्हींची उत्तरं खरी लिहिली. चौथ्यापाशी तो पेन्सिल धरून जेवणाची सगळी सुट्टी बसून राहिला. भोंगा झाल्यावर त्याने लिहिलं, ‘पतंगाचा बांबू जोडताना सुचलं.’

हामाओतो कंपनीत तो सिंथेसायझरच्या पट्ट्या बसवायचा. वय त्रेचाळीस, त्यातली पंचवीस वर्षं एकाच बाकावर. आधी पियानोच्या पट्ट्या, मग ऑर्गनच्या, आता या. हामामात्सुमध्ये अशा तीन कंपन्या होत्या. एकीच्या फाटकापासून दुसरीचं फाटक सायकलने वीस मिनिटांवर. पूर्वी एक मॉडेल चार-पाच वर्षं विकलं जाई, आता दीड वर्षात म्हातारं व्हायचं. एकीने शंभर आवाज दिले की दुसरी सव्वाशे देई. एकीने आवाज साठवून ठेवायची सोय काढली की दुसरी तीच सोय निम्म्या वजनात आणी. नवं मॉडेल आलं की पहिल्याच सकाळी स्टेशनसमोरच्या दुकानात उरलेल्या दोन कंपन्यांची माणसं साध्या कपड्यात रांगेला उभी. दुकानदार सगळ्यांना ओळखायचा.

“मुलीच्या वाढदिवसाला का?” असं विचारूनच तो पावती फाडायचा. दुपारपर्यंत ते यंत्र त्यांच्या कारखान्यात टेबलावर, पांढऱ्या कापडावर, स्क्रू न् स्क्रू सुटं झालेलं असायचं.

आवाज हे वरच्या मजल्यावरच्या पदवीवाल्यांचं काम. शिगेओचं काम बोटांखालचं. नव्या यंत्रांत पट्टी दाबून ठेवून आणखी जोर दिला की सूर थरथरायचा, गळ्यातून आल्यासारखा. त्यासाठी सगळ्या पट्ट्यांच्या खाली जोर ओळखणारी एक लांब फीत असे आणि तिच्यावर लोकरीचा दाट नमदा. नमदा सलग लांबीचा मिळत नसे. दोन तुकडे जोडावे लागत. जिथे जोड, तिथली पट्टी इतरांच्या आधी ओरडायची. एकसष्ट पट्ट्यांतल्या साठ शहाण्या आणि एकच, मधल्या सप्तकातली पांढरी चार, वेडी.

“मुराकोशी,” विभागप्रमुख निइमुरा म्हणाले होते, “टोकियोच्या दुकानात वाजवणारा येतो, ती एक पट्टी दाबतो आणि शेजारचं यंत्र मागतो.”

“शेजारचं कुणाचं?”

“सेइरिनचं. त्यांचंही ओरडतं. पण जरा मर्यादेने ओरडतं.”

शिगेओने नमदा दाबून पाहिला, कड तासून पाहिली, गोंद पातळ केला, घट्ट केला. सगळा जानेवारी त्यात गेला. पांढरी चार काही ऐकेना.

फेब्रुवारीत मोहल्ल्याच्या सभागृहात पतंगांचं काम सुरू झालं. मे महिन्यात समुद्राकाठच्या वाळूत सगळे मोहल्ले आपापले पतंग चढवतात, त्याची तयारी. सभागृहाच्या दारात खुंट्यांची रांग होती. पतंगांचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या गेन्झोचा नियम असा, की कंपनीचा अंगरखा तिथे टांगायचा आणि कंपनीही तिथेच टांगायची. आत तिन्ही कारखान्यांची माणसं मांडीला मांडी लावून बसत. कारखान्यातलं एक अक्षर कुणी काढत नसे.

शिगेओच्या शेजारी तेरादा एइकिची बसायचा. घरही शेजारीच. तो सेइरिनमध्ये, शिगेओचंच काम करणारा, सात वर्षांनी मोठा. शिगेओला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा पोराच्या नावाचा पहिला पतंग चढवायचा होता. त्याचा बांबू तेराद्यानेच चिरला होता, तासला होता, जोडला होता.

त्या संध्याकाळी तेरादा दोन बांबूंची टोकं तिरकी कापत होता. लांब, सुरीच्या पात्यासारखी. एकावर एक ठेवली की जोड हाताला लागत नसे.

“आखूड कापलं की तिथेच मोडतं,” तो म्हणाला. “जोर एका जागी येता कामा नये. लांब तिरकं कापलं की सगळ्यांनी थोडा थोडा उचलायचा. नमदाही आम्ही आता असाच...”

आणि तो थांबला. त्याने दाराकडे, खुंट्यांकडे पाहिलं.

“शिगे, हे तू ऐकलं नाहीस.”

“काय?” शिगेओ म्हणाला.

“शाब्बास,” तेरादा हसला आणि त्याने दोऱ्याचं टोक शिगेओच्या हातात दिलं.

शिगेओने तीन आठवडे खरोखरच ऐकलं नाही. चौथ्या आठवड्यात निइमुरांनी सेइरिनचं एक जुनं यंत्र त्याच्या बाकाशेजारी आणून ठेवलं, रोज डोळ्यांसमोर असावं म्हणून. त्या दिवशी त्याने नमदा तिरका कापला.

कापला आणि झालं, असं नाही. दोन पट्ट्यांच्या रुंदीइतका तिरका कापला तर दोन्ही ओरडत. पाच पट्ट्यांइतका कापला तर निमुळतं टोक गोंदात गोळा होई. त्याने एकोणीस जोड केल्या आणि एकोणीस उखडल्या. तीन पट्ट्यांच्या रुंदीचा काप, टोकाला गोंद नाही, वरून रात्रभर शिशाचं वजन. विसाव्या जोडीला त्याने डोळे मिटून एकसष्ट पट्ट्या दाबल्या. जोड कुठे आहे ते त्याचं त्यालाच सांगता येईना. मेहनत त्याची होती, त्यात तिळमात्र खोट नव्हती. पण ती सुरू झाली होती ऐकलं नाही म्हणून कबूल केलेल्या वाक्यापासून.

एप्रिलमध्ये सकाळच्या सभेत निइमुरांनी त्याचं नाव पुकारलं. प्रशस्तिपत्र वाचलं. कारखान्याच्या मासिकात फोटो छापायचा ठरला, तर फोटोवाला म्हणाला, “हातात एक बांबू धरा की! बांबूवरून सुचलं ना?” बांबू शोधून आणला गेला. शिगेओने तो धरला. फोटोत त्याचा चेहरा असा आला, की कुणी त्याच्या हातात दुसऱ्याचं मूल दिलं आहे आणि ते रडायला लागलं आहे.

फुमिएने, त्याच्या बायकोने, ते पान भिंतीला लावलं. ज्या बाजूला ते होतं, तिकडे पाठ करून शिगेओ जेवू लागला.

मेच्या तीन तारखेला पतंग चढला. चाळीस माणसं तागाच्या दोरावर, वाळूत घोट्यापर्यंत पाय रुतलेले. तेरादा त्याच्या पुढे होता. दोर ताणलेला असताना त्याने मागे न बघता म्हटलं, “फोटो चांगला आलाय.”

शिगेओच्या हातातून दोर वीतभर सुटला. तळव्याची साल निघाली. “धर, धर!” मागचे ओरडले. त्याने धरला. तेरादा पुढे काहीच बोलला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. रोज सकाळी सायकल काढताना तो पूर्वीसारखाच म्हणायचा, “काय शिगे, पाऊस येणार का?” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिगेओ अर्धा तास आधी निघू लागला. मग तेरादा अर्धा तास आधी निघत नाही, याचीही त्याला लाज वाटू लागली.

सप्टेंबरात हामाओतोचं नवं मॉडेल आलं. पांढरी चार शहाणी झाली होती. वाजवणारे ते यंत्र सोडेनात. सेइरिनच्या माणसांनी पहिल्याच सकाळी एक विकत घेतलं.

ऑक्टोबरात फुमिए तोफूवाल्याकडून आली ती भांडं हातात धरूनच उभी राहिली.

“अहो, तेरादा-सानांचं नाव गेलं म्हणे.”

“कुठून गेलं?”

“त्यांच्या कंपनीने सरकारकडे अर्ज करायचा होता, कसल्याशा नव्या जोडीचा. त्यावर शोध लावणारा म्हणून त्यांचं नाव घालणार होते. कामगाराचं नाव, पहिल्यांदा! तेरादा काकूंनी उन्हाळ्यातच आनंदाचा लाल भात शिजवून घरच्यांना घातला होता बिचारीने. आणि तुमचं यंत्र उघडून बघतात तर तीच जोड.” फुमिएने भिंतीवरच्या पानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “दोन दिवस त्यांना खोलीत बसवून विचारत होते, बाहेर कशी गेली म्हणून.”

“मग?”

“ते म्हणाले, त्यात शोध कसला, ही जोड शहरातल्या कुठल्याही पतंगवाल्याला येते. मग अर्जच रद्द केला.” तिने भांडं दुसऱ्या हातात घेतलं. “अहो, तुम्हाला खरंच बांबूवरूनच सुचलं ना?”

शिगेओ पानाकडे पाठ करून उभा राहिला. फुमिएने भांडं खाली ठेवलं आणि भिंतीवरचं पान काढून घडी घातली. ती रागावली असती तर त्याला काही म्हणता आलं असतं.

तो तसाच शेजारी गेला. मागच्या अंगणात तेरादा सोललेली काकीची फळं सुकवायला दोरीला बांधत होता. शिगेओ जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने कपाळ मातीला लावलं.

“ऊठ. काकूने आत्ताच झाडलंय.”

“तेरादा-सान, मी उद्या निइमुरांना सांगतो. प्रशस्तिपत्र परत देतो. तुमच्या कंपनीत येऊन सांगतो.”

“काय सांगशील?”

“की मी तुमच्याकडून ऐकलं.”

“कुठे ऐकलं?”

शिगेओने कपाळ मातीवरून उचललं.

“सभागृहात,” तेराद्यानेच सांगितलं. “हे एकदा कळलं की तिन्ही कंपन्या काय करतील? आपापल्या माणसांना सभागृहाची पायरी चढू देणार नाहीत. पतंग मग कोण बांधणार, गेन्झो एकटा? ब्याऐंशीचा आहे तो.” त्याने एक फळ बांधलं, गाठ ओढून पाहिली. “मी तुला वाचवलं असं समजू नकोस. तेवढा मी भला नाही. पहिले आठ दिवस तुझी सायकल दिसली की लाथ मारावीशी वाटायची.”

“मारायची होती.”

“एकदा मारली. तुझी घंटी वाकडी झाली ती.”

शिगेओने ती घंटी दोनदा दुरुस्त केली होती.

“चूक माझीही आहे,” तेरादा म्हणाला. “तोंड माझंच सुटलं. पण मी तुला म्हणालो होतो, ऐकलं नाहीस. आणि तू ‘काय’ म्हणालास.” त्याने दुसरं फळ घेतलं. “आता तू खरं बोललास तर माझं खोटं उघडं पडेल. तेव्हा गप्प बस.”

“मग मी करू काय?”

“मी काय शाळामास्तर आहे शिक्षा सांगायला? घरी जा.”

शिगेओ घरी आला. त्याला वाटलं होतं, कबूल केलं की मान वर करता येईल. आता कबुलीही दुसऱ्याच्या जिवावर उठणारी. हिवाळाभर त्याने एकही सूचना दिली नाही. निइमुरांनी टोकलं, “एका बक्षिसावर पोट भरलं वाटतं!” तो हो म्हणाला. दर आठवड्याला पत्रक बाकावर येई आणि कोरं परत जाई. काम मात्र त्याने बिघडू दिलं नाही. रोज बावीस जोड, तीन पट्ट्यांचा काप, टोकाला गोंद नाही. दर जोडीला त्याला तेराद्याची बोटं दिसत.

फेब्रुवारी आला. जावं की नाही, हे ठरवता ठरवता तो पहिल्या दिवशी उशिरा पोहोचला. अंगरखा खुंटीला टांगला. शेजारच्या खुंटीवर सेइरिनचा निळा अंगरखा होता.

“या, मासिकवाले!” गेन्झोने हाक मारली. “यंदा आपल्याकडे चार नवे आलेत, हाताला वळण नाही. तू त्यांना जोड शिकव. तुझा तर फोटोच छापून आलाय!”

माणसं हसली. तेरादाही ओठांत हसला आणि त्याने सुरी उलटी करून, मुठीकडून, शिगेओपुढे धरली.

शिगेओने ती घेतली नाही. तो उभा राहिला. सभागृहात पंचवीस माणसं होती आणि चटयांवर चहाचे पेले.

“जोड माझी नाही,” तो म्हणाला. “तेरादा-सानांची आहे. मी त्यांच्याकडून शिकलो, इथेच बसून. मासिकात ते लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही.”

गेन्झो म्हणाला, “त्यात काय नवीन सांगितलंस? एइकिचीने सगळ्यांनाच शिकवलंय. एवढं तोंड पाडून सांगायची गोष्ट आहे का?” पुन्हा हशा झाला. बांबूंचं बोलणं आहे असंच सगळ्यांना वाटलं. त्याहून जास्त शिगेओला बोलता येत नव्हतं.

तेरादा हसला नाही. त्याने सुरी तशीच धरून ठेवली होती.

“मग नीट काप,” तो म्हणाला.

शिगेओ बसला आणि त्याने कापलं. तेराद्याने कापावरून अंगठा फिरवला.

“आखूड. पुन्हा.”

त्याने पुन्हा कापलं. चौघे नवे बघत होते.

“पुन्हा.”

तिसऱ्या कापावरून तेराद्याने अंगठा एकदा फिरवला, मग उलट्या बाजूने एकदा. तो बरं म्हणाला नाही. त्याने दोरा ओला केला, एक टोक स्वतःच्या दातांत धरलं आणि दुसरं शिगेओकडे दिलं. शिगेओने ते घट्ट ओढलं.