कालिवुंगुचा चढ

लेगियेमला कुणी विचारलं, बाई तुझी मिळकत काय, तर ती घर दाखवत नसे की नारळाची झाडं दाखवत नसे. ती सरळ स्वतःच्या पोटऱ्या दाखवायची. जावा बेटावर मेनोरेहच्या डोंगराकडे बायका लुगडं घोट्यापर्यंत गुंडाळतात आणि पोटऱ्या दाखवणं काही सभ्यपणाचं समजत नाहीत. पण लेगियेम साठीला टेकलेली, आणि तोंडाने जन्मापासूनच मोकळी. "या दोघींनी माझ्या पोरींची लग्नं लावली," असं ती म्हणायची, आणि ते अजिबात खोटं नव्हतं.

तिचं माहेर कालिवुंगु, डोंगराच्या पार वर, जिथे रस्ताच संपतो. बाप नारळाच्या झाडावर चढून रस काढायचा, आई तो आटवून गुळाच्या वड्या पाडायची. लेगियेमला खाली सपाटीवर दिलं आणि नवरा गेल्यावर तिने माहेरच्या गुळाचाच धंदा धरला. बाजाराच्या आदल्या दिवशी सायकलीला दोन्ही बाजूंनी बांबूच्या टोपल्या लावायच्या, वर जाताना मीठ, सुकी मासळी, रॉकेल न्यायचं आणि उतरताना गूळ आणायचा. सायकल बापाची, पुरुषी, मधे आडवी नळी असलेली. लुगडं वर खोचून ती नळीवरून टांग टाकायची आणि बघणाऱ्याने मान फिरवायची, असा तिचा नियम होता.

दुसराही एक नियम होता, तो जास्त कडक. भरलेली सायकल चढावर ढकलायला तिची हरकत नव्हती, तो धंदा झाला. रिकामी सायकल मात्र तिने उभ्या आयुष्यात ढकलली नाही. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी घेत, दातावर दात रोवून, पण चढायची ती बसूनच.

हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. फक्त तिची मावशी पोनिरा मानत नव्हती. लेगियेम पोरवयात नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायला शिकली, तेव्हाच मावशीने भाकीत केलं होतं की ही पोर कुणाच्या घरात टिकायची नाही. ती टिकली, संसार केला, पण मावशीचा पीळ काही सुटला नाही. "लोक सांगतात ती चढते म्हणून. मी कुठे बघितलंय?" असं ती म्हणे. आणि ते खरंच होतं, कारण माहेरी येताना लेगियेमची सायकल नेहमी भरलेली असायची, म्हणजे ढकललेली असायची.

गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली तसा लेगियेमने धंदा मुलीच्या हाती दिला आणि स्वतः 'आलोन-आलोन' मंडळात गेली. आलोन-आलोन म्हणजे हळूहळू. नावाप्रमाणेच मंडळ होतं. तीसएक पुरुष, बहुतेक पेन्शनीत निघालेले, मालकाहून म्हाताऱ्या काळ्याकुळकुळीत सायकली, अंगात पट्ट्यापट्ट्यांचे कोट, डोक्याला घट्ट पागोटी. दर रविवारी ही मंडळी भातखाचरांतून गावोगाव फिरायची, आणि वर्षातून एकदा मोठी फेरी काढायची. ज्या गावाला जायचं ते गाव जेवण घालायचं. मंडळात बाई एकच, ती लेगियेम.

सगळ्यांच्या पुढे म्बाह मार्तोयो, म्हणजे मार्तोयो आजोबा. ऐंशीला आलेले, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि मागच्या तीस जणांतल्या अर्ध्याअधिकांना त्यांनीच अक्षरं गिरवायला लावलेली. त्यांच्यापुढे कुणी सायकल काढत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण वडीलधाऱ्याला ओलांडून जाणं म्हणजे त्याच्या डोक्यावरून पाय टाकणं, हे जावामधल्या पोराला आईच्या दुधाबरोबरच मिळतं.

यंदा लेगियेमने कालिवुंगुचं नाव काढलं. मग सायकल दुरुस्तीवाला वाकिदी तिला म्हणाला, "बू, आमच्या सायकली म्हणजे म्हाताऱ्या सासवा. मिरवायला ठीक आहेत, डोंगर चढायला सांगू नका."

"तुम्ही ढकलत या ना," लेगियेम म्हणाली. "मी बसून येते."

पुरुष हसले, पण म्बाह मार्तोयोंनी मान डोलावली आणि ठरलं. लेगियेमने माहेरी निरोप धाडला. निरोपात तिने जरा हात सैल सोडला: तीस पुरुष सायकली ढकलत येतील आणि मी एकटी बसून वर येईन, पोनिरामावशीला म्हणावं अंगणात उभी राहा. मावशीचं उत्तर आलं, बघू. त्या एका शब्दाने लेगियेमला चार रात्री झोप लागली नाही. तिला कशाचं बक्षीस नको होतं. एवढंच हवं होतं की या एका बाईने एकदा डोळ्यांनी बघावं.

फेरीच्या दिवशी सकाळी हवा छान होती. ऊन यायच्या आत मंडळी सपाटी सोडून डोंगराला लागली. ओढ्याच्या मोरीपाशी रस्ता फुटतो. उत्तरेचा कालिवुंगुला जातो, पूर्वेचा दगडखाणीला, आणि खाणीपाशीच संपतो. पूर्वेच्या तोंडाला एक चहाची टपरी आहे. टपरीवाल्याने म्बाहंना बघून कमरेत वाकून हाक दिली, "या म्बाह, टेका जरा." आता ही हाक सगळेच सगळ्यांना देतात आणि ती ऐकून कुणी टेकत नसतं. हसून, मान लववून पुढे जायचं असतं. म्बाह मार्तोयोंनीही रीतसर मान लववली. पण मान जिकडे लवली तिकडेच हँडलही वळलं, आणि म्बाह पूर्वेच्या रस्त्याला लागले.

मागोमाग तीस सायकली पूर्वेला वळल्या.

चूक प्रत्येकाला दिसली होती. पण सांगणार कोण? मास्तरांना, चारचौघांत, तुम्ही रस्ता चुकलात म्हणून? सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. एक निवृत्त फौजदार जोरात खाकरला. वाकिदीने धीर करून एकदा घंटी वाजवली. म्बाहंना वाटलं, कुणीतरी आनंदात आहे. त्यांनी न बघता हात वर करून प्रत्युत्तर दिलं. त्यानंतर घंटीही कुणी वाजवली नाही.

लेगियेमचा जीव वरखाली होऊ लागला. वर बायकांनी पहाटेपासून चुली पेटवल्या होत्या. आणि आणखी दोन वळणांनी खाण येणार होती. दगड फोडणाऱ्या मजुरांच्या देखत म्बाह भिंतीसारख्या कड्यापुढे उभे राहणार होते, आणि मग झाकायला काही उरणार नव्हतं. तिचं तोंड एवढं मोकळं, पण त्या वेळी तिलाही 'चुकलात' हा शब्द उच्चारता येईना.

सागाच्या बनानंतर चढ लागला. म्बाह उतरले, मागचे सगळे उतरले आणि ढकलू लागले. लेगियेम तेवढी मागून नागमोडी घेत बसून येत होती. आणि तिथे तिने अचानक पाय टेकला, सायकल आडवी केली, कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला बसली.

"म्बाह," तिने हाक मारली, "माझ्याच्यानं नाही होत. दम तुटला माझा. माझ्यासाठी मागे वळून मोरीवरच्या रस्त्याने जाऊ या का? तो जरा सोपा आहे."

तीस माना वळल्या. मोरीवरचा रस्ता याच्या दुप्पट उभा आहे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्बाह मार्तोयोंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"बरं न्दुक," लेकीला म्हणावं तसं ते म्हणाले. "बाईमाणसाला त्रास नको. वळा रे सगळे."

तीस जणांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. लेगियेमला मात्र ते 'बाईमाणसाला' काळजात लागलं. तेवढ्यात कालिवुंगुचा एक कोंबडीवाला मोटरसायकलवरून खाणीकडून उतरत होता. तो थांबला, सगळं ऐकलं, आणि दात काढत पुढे निघून गेला. आता ही बातमी तिच्या आधी गावात पोहोचणार होती.

खरी फजिती पुढेच होती, आणि ती लेगियेमच्या ध्यानात आली ती कालिवुंगुच्या चढाखाली. दम तुटलेल्या बाईने आता त्या चढावर बसून जायचं कसं? गेली, तर म्बाहंची अब्रू राखण्यासाठी रचलेलं सगळं तिथेच उघडं पडणार. ती मुकाट्याने उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिने रिकामी सायकल ढकलली, तीस पुरुषांच्या घोळक्यात, आणि नजर चाकावरून वर काढली नाही. शेजारून वाकिदी चालत होता. नेहमी त्याला काहीतरी थट्टा सुचायची, त्या दिवशी सुचली नाही.

वर अंगणात सगळं गाव होतं, आणि सगळ्यांच्या पुढे हाताची घडी घालून पोनिरामावशी.

"काय गं," ती म्हणाली, "त्या पोटऱ्या कुठे ठेवून आलीस?"

बायका खळखळून हसल्या. मंडळातल्या तीस जणांना सगळं ठाऊक होतं, आणि तिसांनीही आपापल्या वहाणा बघितल्या. लेगियेमच्या जिभेच्या टोकावर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

"वय झालं, बुलिक," ती मावशीला म्हणाली.

चटया पसरलेल्या होत्या. भाताचा ढीग, नारळ घातलेल्या पालेभाज्या, सोयाबीनचं टेम्पे, अख्ख्या शिजवलेल्या कोंबड्या, शाबुकंदाच्या पिठाचं तळलेलं पांढरंशुभ्र गेब्लेक. भाताची वाफ केव्हाच गेली होती. सगळे बसले आणि म्बाह मार्तोयोंकडे बघू लागले, कारण वडील माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी भाताला हात लावत नाही. म्बाहंनी हात धुतले. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठून उभे राहिले.

"अन्न गार झालं ते हिच्यामुळे नाही," ते म्हणाले. "मी रस्ता चुकलो. खाणीच्या वाटेला लागलो. मला ते सागाच्या बनातच कळलं होतं. पण मागे हे माझे विद्यार्थी. मास्तर चुकला हे कसं सांगू, म्हणून तसाच पुढे जात राहिलो, आणि हेही बिचारे येत राहिले."

वडील माणसाने चारचौघांत असं बोलावं, हे त्या गावाने कधी ऐकलं नव्हतं.

"हिला दम लागला नव्हता. माझी मान खाली जाऊ नये म्हणून हिने स्वतःची घातली. सबंध डोंगरात जी गोष्ट हिने कधी केली नाही, ती माझ्यापायी तुमच्या देखत केली." ते लेगियेमकडे वळले. "न्दुक, ऊठ. चढाच्या खाली जा आणि परत ये. भात थांबेल."

आणि ते हात न लावता पानासमोर बसून राहिले. म्हणजे गावाला आणि मंडळाला थांबणं भागच होतं.

लेगियेम डोळे पुसायलाही थांबली नाही. तिने सायकल घेतली, लुगडं खोचलं आणि चढावरून सुसाट खाली गेली. वर लोक अंगणाच्या कठड्याशी दाटले. जरा वेळाने वळणावर ती दिसली. उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत, डावीकडून उजवीकडे, साखळीची करकर वरपर्यंत ऐकू येत होती. मधे एकदा ती इतकी हळू झाली की वाकिदीने स्वतःचाच दंड घट्ट पकडला. पाय काही टेकला नाही. शेवटच्या उभ्या टप्प्यावर ती सीटवरून उठली, सगळं अंग पायडलवर घातलं, आणि तिच्या पोटऱ्यांच्या दोन्ही गाठी अख्ख्या कालिवुंगुने बघितल्या.

ती अंगणात शिरली तेव्हा पोनिरामावशी पुढे झाली. तिने हँडल धरायला हात पुढे केला.

"उतर आता बये," ती म्हणाली. "बघितलं मी. भात गार झालाय, म्हातारा माणूस उपाशी बसलाय."

"थांब गं जरा," लेगियेम म्हणाली, आणि मावशीच्या हाताला वळसा घालून तिने अंगणात आणखी एक फेरी मारली.