धक्क्यावरची डावी गाठ

आधीच सांगतो, इथले भुताखेतांचे अनुभव वाचून खाली 'काल जेवणात काय होतं?' असं विचारणाऱ्यांपैकी मी एक. सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पार्ट मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा... माझी पाळी होती, ती संपली.

आमचं घर मखमलाबादचं, भाजीपाल्याचं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी मिळून टेम्पो भरायचो. भाजीच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या रचून झाल्या की मी अलीकडून "दादा, धर!" असं ओरडून मालावरून दोर फेकायचो आणि तो पलीकडून बांधायचा. दादा डावखुरा. त्याच्या गाठीचे वेढे उलटे फिरायचे आणि शेपूट आत खोचलेलं असायचं. कितीही खड्डे लागोत, माल हलायचा नाही, पण शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. मला ती कधीच जमली नाही.

बारा वर्षांपूर्वी वाटेत दोर सुटला आणि टोमॅटोच्या जाळ्या रस्त्यावर आल्या. मार्केटात सगळ्यांसमोर मी दादाला नको ते बोललो. "एक गाठ धड बांधता येत नाही, घरात राहतोस कशाला?" त्याने दोर गुंडाळून टेम्पोत ठेवला. त्या दिवशी जो गेला तो आजतागायत आलेला नाही. आणि आता लिहूनच टाकतो — त्या दिवशी दादाच्या अंगात ताप होता, म्हणून गाठ मी बांधली होती. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की आमच्यात दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी उरकतात. त्यासाठी मीच मागे लागलो होतो. पंचवटीतल्या गुरुजींकडून दिवसही काढून आणला. आई ऐकेना. "माझं पोरगं हाय ते. गवत कशापायी जाळू?" तिच्या या हट्टाचा मला वैताग आला होता. घरात रोज तोच विषय... म्हणून माझी बायको मनीषा मला चार दिवस कोकणात घेऊन गेली.

खाडीपलीकडच्या एका छोट्या गावात जायला होडी होती. सकाळचे दहा, लख्ख ऊन. होडीत आम्ही दोघं आणि होडी चालवणारा तांडेल. मनीषा पाण्याला घाबरते, ती डोळे मिटून रामरक्षा पुटपुटत होती. धक्का जवळ आला तसं इंजिन खोकायला लागलं. तांडेल त्याच्यावर वाकला आणि मला म्हणाला, "जरा दोर बघा!"

बघा म्हणजे हाताशी ठेवा, हे मला नाशिककराला काय कळणार! आमच्याकडे दोर हातात आला की पलीकडे फेकायचा, धरणारा असतोच. मी फेकला. समोरून ऊन डोळ्यांत येत होतं. दोर ताणला गेला, होडी अलगद धक्क्याला लागली. कोणीतरी धरला म्हणून मी निवांत वर चढलो.

वर कोणीच नव्हतं. सरळसोट धक्का, तिन्ही बाजूंनी पाणी, आणि तिकिटाची खोली चांगली दोनशे पावलं लांब. नंतर मी मोजली. लपायला साधं पिंपसुद्धा नव्हतं. लोखंडी खुंट्याला दोर बांधलेला... वेढे उलटे, शेपूट आत.

तांडेल वर आला. "दोर कोणी बांधलो?"

"तुमचा इथला माणूस असेल ना?"

"धक्क्यार कोण नसता. मियाच उतरान बांधतंय." तो गाठीशी झटत बसला. दोरात जन्म गेलेला माणूस, पण त्याला ती सुटेना. "ही गाठ खंयची?"

मी शेपूट ओढलं. एका झटक्यात सुटली.

फोटो का नाही काढला, असं तुम्ही विचारणारच. अहो, सुचेपर्यंत गाठ सुटलेली होती! आम्ही दोन दिवस त्या गावात फिरलो, दादाचा जुना फोटो दुकानादुकानांत दाखवला. कोणी ओळखला नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती मेथी निवडत राहिली.

"दोर टाकताना तू हाक मारली व्हती का त्याला?"

"नाही गं. मला काय माहीत..."

"दर बारीला मारायचास ना? मग मारायची व्हती. त्यानं दोर धरला, आन् तू नाव बी नाय घेतलं त्याचं."

त्या दिवसापासून झोप अशी नाही. गुरुजींना दिवस रद्द म्हणून कळवलंय. दादा आहे की नाही, मला माहीत नाही. असेल तर दिसला का नाही? नसेल तर गाठ कोणाची? माझ्या कुठल्याच मापात हे बसत नाही.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन त्याच होडीने जातोय. तांडेलाला फोन करून सांगून ठेवलंय, दोर मी टाकणार. आणि टाकण्याआधी, धक्क्यावर कोणी असो नसो, अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असं ओरडणार आहे — दादा, गाठ माझी होती. धर!